घसरून पडल्यावरही पायात राहणारा बूट: शिमानो एस-फायर आरसी९०३

रोड सायकलिंगच्या महागड्या बुटांविषयी लिहिताना बहुतेक जण सोलचा कडकपणा आणि वजन सांगून मोकळे होतात. या बुटाचंही तेवढंच सांगायचं तर सोल कार्बनचा, शिमानोच्या स्वतःच्या मोजपट्टीवर कडकपणा १२, म्हणजे फारच वरचा. आणि ४२ मापाचा एक बूट साधारण सव्वादोनशे ग्रॅमचा. पण शर्यतीच्या शेवटी घोळका मागे टाकून एकट्याने सुटलेल्या रायडरच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट सोल नाही. ती आहे बुटाच्या वर बसवलेल्या दोन छोट्या चकत्या, नाडीऐवजी वायर ओढून बूट आवळणाऱ्या बोआ कंपनीच्या लि२ डायल.

६ ऑगस्ट २०२३ ला ग्लासगोच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत याची परीक्षा झाली. एडिनबरोहून सुटलेली २७१ किलोमीटरची शर्यत, शेवटी शहरातल्या १४.३ किलोमीटरच्या चक्राच्या दहा फेऱ्या, रस्ते ओले. सुमारे २२ किलोमीटर उरले असताना मॅथ्यू व्हॅन डर पूल हा वाउट व्हॅन आर्ट, तादेय पोगाचार आणि मॅड्स पेडरसन यांना मागे टाकून निघाला. १६ किलोमीटर उरले असताना एका वळणावर त्याची सायकल घसरली. कपडे फाटले, अंग खरचटलं आणि बुटाची डायल तुटली. तो उठला, लोंबकळणारी डायल ओढून फेकून दिली आणि निघाला. पडला तेव्हा हाताशी जेमतेम अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. शर्यत जिंकली ती १ मिनिट ३७ सेकंदांनी. १९८५ च्या यॉप झूटेमेल्कनंतर नेदरलँड्सला पहिल्यांदाच पुरुषांचा रोड विश्वविजेता मिळाला.

या विजयाचं श्रेय जिद्दीला दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण बूट पायात राहिला नसता तर जिद्द करून काय उपयोग? अर्ध्या मिनिटाच्या आघाडीत थांबून बूट बदलायचा म्हणजे आघाडी तिथेच संपली. चाक बदलता येतं, अख्खी सायकल बदलता येते. बुटाचं तसं नाही. बुटाला दोन डायल असण्याचा फायदा इथे दिसतो. एक गेली तरी दुसरी पाय धरून ठेवते. पकड सैल होते, पण पाय सुटत नाही.

सैल बुटाचा त्रास नेमका कुठे होतो, तर वळणातून बाहेर पडताना. ग्लासगोच्या त्या चक्रात चाळीसहून जास्त वळणं होती, म्हणजे सरासरी साडेतीनशे मीटरला एक. प्रत्येक वळणानंतर पेडलवर उभं राहून पुन्हा वेग पकडायचा. उभं राहिलं की पेडल वर येताना टाच बुटात उचलली जाते. टाच दोन मिलिमीटर हलली तरी दर वेळी तेवढी ताकद वाया जाते, आणि तेवढंच कातडं घासलं जातं. मिनिटाला ९० फेरे धरले तर अर्ध्या तासात एक पाय २,७०० वेळा फिरतो. पहिल्या शंभर फेऱ्यांत न जाणवणारी ढिलाई शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये फोड होऊन समोर येते. आरसी९०३ ची टाच इथे फार चांगली आहे. मागे बाहेरून बसवलेला कडक आधार टाचेला पिळू देत नाही, त्यामुळे पुढची पकड कमी झाली तरी पाय निदान मागून धरलेला राहतो.

डायल पुढे फिरवली की घट्ट, मागे फिरवली की सैल, वर ओढली की एकदम मोकळी. एका टिचकीला साधारण एक मिलिमीटर वायर ओढली जाते. चालत्या सायकलवर एका हाताने हे करता येतं, नाडीच्या बुटाला ते जमत नाही. एकट्याने सुटायचं असेल तर वेळ महत्त्वाची: चढ सुरू होण्याच्या एक-दोन किलोमीटर आधी, घोळक्यात बसलेलं असतानाच, वरच्या डायलला दोन-तीन टिचक्या. खालच्या डायलला हात लावू नका. ती पंजावर दाबते, आणि उन्हाळ्यात तीन तासांनंतर पाय सुजलेला असतो. तिथे घट्ट केलं की करंगळीकडची बोटं बधिर होतात आणि तळव्याला जळजळ सुरू होते. सुरुवातीलाच बूट करकचून आवळून बसणं ही फार जुनी चूक आहे, आणि ‘सोल फार कडक आहे’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

माप काळजीपूर्वक घ्या. शिमानोच्या तक्त्यात ४२ म्हणजे २६.५ सेंटिमीटरचं पाऊल. संध्याकाळी, पाय थोडा पसरलेला असताना, सायकलिंगचे मोजे घालून मोजा. पंजा रुंद असेल तर नेहमीचा साचा बाजूने चिमटतो. अशा वेळी अर्धं माप वाढवून घेतात, आणि मग टाच सुटते. म्हणजे ज्यासाठी हा बूट घ्यायचा तोच गुण हातचा जातो. रुंद साच्यातही हा बूट मिळतो, तो मागवा. दुकानात नसेल तर थांबा, पण तडजोड करू नका.

क्लीट, म्हणजे सोलखाली बसवून बूट पेडलमध्ये अडकवणारे तुकडे, बुटासोबत येत नाहीत. शिमानोच्या तीन बोल्टच्या एसपीडी-एसएल पद्धतीत पिवळ्या क्लीटला पाय डावी-उजवीकडे वळायला ६ अंशांची मोकळीक असते, निळ्याला २, लाल क्लीट पूर्ण स्थिर. गुडघ्याची जरा जरी कुरकुर असली तरी पिवळ्याच लावा. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा. पेडल मारताना कर्रकर्र आवाज आला की लोक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो भाग, उघडतात. कितीदा तरी दोष क्लीटच्या बोल्टचा निघतो. लांब एकट्याच्या जोरासाठी क्लीट तीन-चार मिलिमीटर मागे, टाचेकडे घेतली तर पोटरीवरचा ताण कमी होतो. त्या बदल्यात उभ्याने मारलेल्या स्प्रिंटमधली उसळी थोडी जाते. बोरघाटासारख्या लांब चढावर जोर लावणाऱ्याला हा सौदा परवडतो, शेवटच्या दोनशे मीटरवर भरवसा असलेल्याला नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या बुटाचा कमकुवत भाग म्हणजे डायलच. घाटातला तांबडा चिखल आणि बारीक वाळू फटीत शिरली की टिचकीचा आवाज बसका होतो, मग डायल मध्येच अडकते. उपाय सोपा आहे: वाहत्या कोमट पाण्याखाली डायल धरून ती पुढे-मागे फिरवत राहायची, घाण निघून जाते. तेल किंवा ग्रीस अजिबात घालू नका. त्याला धूळ चिकटते आणि आठवड्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. बूट वाळवताना आतली गादी काढून वर्तमानपत्र कोंबा, सावलीत ठेवा. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवला तर चिकटवलेले जोड सुटू शकतात. गुळगुळीत सोलवर ओल्या फरशीवर चालणं धोक्याचं आहे. चहाच्या टपरीपर्यंत जायचं असेल तर क्लीटवर रबरी टोप्या चढवा, क्लीटचं आयुष्यही वाढतं.

बोआची हमी बूट टिकेल तोवर असते, डायल आणि वायर दोन्हीवर. दुरुस्तीचा संच मागवताना बुटाचं नेमकं मॉडेल, डावा की उजवा आणि वरची डायल की खालची, हे न चुकता लिहा. फार राइड करत असाल तर डायल तुटायची वाट पाहू नका. वायर जिथे वळते तिथे बोट फिरवा, एखादा धागा टोचला की लगेच संच मागवा.

हा बूट कोणी घेऊ नये? आठवड्याला दोनदा साठ-सत्तर किलोमीटर आरामात फिरणाऱ्याने. इतका कडक सोल त्याच्या तळव्याला त्रासच देईल, आणि मधल्या किमतीच्या, एका डायलच्या बुटात तो जास्त सुखी राहील. जो शर्यती करतो, घाटात शेवटी जोर लावतो, पावसातही थांबत नाही, त्याने मात्र पैसे इथे घालावेत. हलक्या चाकांच्या जोडीपेक्षा आधी इथे.

पडलात आणि उठून निघालात तर घरी आल्यावर एवढं करा. गादी काढून सोल आतून आणि बाहेरून पाहा, टाचेकडे आणि क्लीटच्या भोकांभोवती केसासारखी रेघ दिसते का बघा. बूट दोन्ही हातांनी हलका पिळा. कार्बन तडकला असेल तर बारीक कटकट ऐकू येते. क्लीट काढून तिचं पुढचं टोक तपासा, पडताना ते सर्वात आधी घासतं, आणि तुटकं टोक पुढच्या स्प्रिंटला पेडलमधून सुटतं. डायल वरून ठीक दिसली तरी वर ओढून, पूर्ण सोडून, पुन्हा घट्ट करून बघा. दहा वेळा. एकदा जरी घसरली तर तो बूट शर्यतीला नेऊ नका.