बेस गाडी, स्पोर्टचे पैसे: सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी वाचाच

६ लाख ७० हजार रुपये. त्यातले २५,००० यूपीआयने टोकन, ५ लाख आरटीजीएसने आणि १ लाख ४५ हजार रोख. शिवाय पेपर ट्रान्सफरचे ९,५०० वेगळे आणि वॉरंटीच्या नावाखाली ७,००० वेगळे. एवढे मोजून मी स्पोर्ट, म्हणजे गाडीचं महागातलं व्हेरियंट (प्रकार) घेतलं, आणि ती स्पोर्ट नाहीच. बेस, म्हणजे त्याच गाडीच्या सगळ्यात साध्या व्हेरियंटला अलॉय व्हील, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, लेदरची सीट कव्हर आणि डिकीवर एक बिल्ला लावून ती माझ्या गळ्यात मारली. तीच गाडी मी नंतर दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही ५ लाख १५ हजारांच्या वर आकडा सांगितला नाही.

मी आंधळेपणाने गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. बेस घ्यावी की स्पोर्ट, यावर आमच्या घरी दोन महिने चर्चा चालली होती. इंजिन दोन्हींना एकच, १.२ लिटर पेट्रोल. मायलेज जवळपास तेवढंच. अलॉय आणि स्क्रीनसाठी जास्तीचे पैसे द्यायची माझी मुळीच तयारी नव्हती. पण बेसला दोनच एअरबॅग, स्पोर्टला सहा. मुलगी सात वर्षांची आहे, मागे बसते. आमचं महिन्यातून एकदा तरी सातारा होतं, म्हणजे खंबाटकी घाट आणि हायवे. फक्त त्या चार एअरबॅगसाठी मी स्पोर्ट घ्यायचं ठरवलं. नवी परवडत नव्हती, म्हणून २०२२ची, एका हाताची गाडी शोधली.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका डीलरकडे सापडली. पांढरी, एमएच १४, ३१ हजार किलोमीटर. जाहिरातीत 'स्पोर्ट, टॉप मॉडेल' लिहिलं होतं. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी काढला नाही. आज ती जाहिरात नाही, आणि मला प्रत्येक कचेरीत तीच मागतात. तुम्ही काढून ठेवा, फोन करायच्या आधी.

ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो होतो. त्याने इंजिन ऐकलं, क्लच बघितला, बॉनेटखालची रंगरंगोटी तपासली, गाडी ठोकलेली नाही म्हणाला. खरंच नव्हती. चालवून बघितली, छान चालली. चालणारच, इंजिन तेच ना! यात मेकॅनिकचा दोष मी धरत नाही. तो मशीन बघतो, व्हेरियंट बघायचं काम माझं होतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. बायको पुढच्या सीटवर बसली होती. तिने समोरच्या काचेशेजारच्या प्लास्टिकच्या पिलरवर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, दादाच्या गाडीत इथे एअरबॅग असं लिहिलंय. इथे काहीच नाही." मी बघितलं. करडं, गुळगुळीत प्लास्टिक, एक अक्षर नाही. विक्रेता खिडकीतून वाकून लगेच म्हणाला, "वहिनी, ते जुन्या मॉडेलला यायचं. आता आतून असतं." आणि मी, मीच बायकोला म्हणालो, "अगं, त्यांना माहीत असतं ना." तिथे विषय संपला. सीटच्या बाजूला शिवलेली छोटी एअरबॅगची पट्टी असते, तीही दिसली नाही, कारण वरून जाड कव्हर घट्ट ताणून बसवलं होतं. बाजूची एअरबॅग असलेल्या सीटला असं बंद कव्हर घालायचं नसतं, एअरबॅग उघडायला वाट राहत नाही. म्हणजे ते कव्हर हाच इशारा होता आणि मी त्यावर बसून 'कम्फर्ट चांगला आहे' म्हणत होतो.

आरसीचंही तेच. मूळ आरसी हायपोथिकेशन (कर्जाची नोंद) उतरवायला दिली आहे असं सांगून त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मी मालकाचं नाव, चेसिस नंबर, तारीख एवढं बघितलं. मॉडेलच्या रकान्यात गाडीच्या नावापुढे बेसची अक्षरं होती, तीही दिसली. विचारलं, तर म्हणे आरसीवर कंपनी सगळ्यांना एकच नाव टाकते. हे साफ खोटं आहे. रकान्यात व्हेरियंट लिहिलेलं असेल तर तेच खरं, डिकीवरचा बिल्ला नव्हे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं. जुन्या विम्याच्या पॉलिसीवरही व्हेरियंट असतं, ती मागा. देत नसेल तर उठा.

तुम्ही म्हणाल, एवढं दिसत होतं तर घेतली कशाला? तो गुरुवार होता, १० ऑक्टोबर २०२४. शनिवारी दसरा. त्याने सांगितलं की दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय, मुहूर्तावर डिलिव्हरी हवी तर टोकन आत्ता. आईने हाराची ऑर्डर दिलेली, मुलीने शाळेत सांगून टाकलेलं. ज्याच्या घरी पहिल्यांदा गाडी येते त्यालाच हे कळेल. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी यांच्या आठवड्यात सेकंडहँड गाडीचं टोकन देऊ नका.

जानेवारीत सर्व्हिसिंगला नेली. सर्व्हिस ॲडव्हायझरने चेसिस नंबर टाकला आणि सहज म्हणाला, "सर, बेसला कॅमेरा बाहेरून बसवलाय का?" मला वाटलं त्याने चुकीचा नंबर टाकला. त्याने मागचं कार्पेट उचलून दाखवलं: कापून जोडलेली वायर, त्यावर काळी चिकटपट्टी, उन्हाने सुटत आलेली. मागच्या दाराच्या पॅनेलवर काच फिरवायच्या हँडलचं भोक होतं, त्यात गोल बूच बसवलेलं. घरी येऊन मी डिकीवरचा बिल्ला नखाने उचकटला. डबल टेपवर होता, फट्कन निघाला.

डीलरकडे गेलो तर त्याने मी सही केलेला कागद पुढे केला: 'गाडी पाहून, तपासून, जशी आहे तशी घेतली.' पावतीवर गाडीचं नाव आणि नंबर आहे, 'स्पोर्ट' हा शब्द कुठेच नाही. आणि पावती ५ लाख २५ हजारांचीच. रोख दिलेले १ लाख ४५ हजार कागदावर अस्तित्वातच नाहीत. रोख देऊ नका. पावतीवर व्हेरियंट त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

चौकीत चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा 'ही दिवाणी बाब आहे.' तिसऱ्यांदा मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ छापून नेलं, फसवणुकीचं कलम आहे ते, तर हवालदार म्हणाले, "गाडी तुमच्या ताब्यात, आरसी तुमच्या नावावर, तिच्यावर खरं मॉडेल लिहिलेलं. मग फसवलं कुठे?" आरसी डिसेंबरमध्ये टपालाने आली तेव्हा मी फक्त नाव आणि पत्ता तपासला होता, हे त्यांना कसं सांगणार? चौथ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. वाहन कार्यालयात गेलो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला अधिकृत प्रमाणपत्र लागतं, नमुना २९ ब. या डीलरकडे ते आहे का, एवढंच विचारलं. तीन खिडक्या फिरलो. शेवटी 'माहिती अधिकारात अर्ज करा.' केला. उत्तर आलं की विषय दुसऱ्या शाखेचा आहे. नियम करायचा, आणि तो पाळला जातो का हे विचारणाऱ्यालाच दारोदार पाठवायचं! सहा महिन्यांत माझ्या नऊ रजा गेल्या. डीलरचा एक दिवस तरी गेला असेल का?

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, ऑनलाइनही दाखल होते, मुदत दोन वर्षं. माझ्याकडे पुरावा म्हणून त्याचा एकच व्हॉट्सॲप मेसेज उरलाय: 'स्पोर्ट आहे साहेब, सिंगल हँड, निवांत या.' वकील म्हणतात तो कामी येईल. फोनवर बोलणं टाळा, सगळं लिहून मागवा.

मुलगी अजून मागेच बसते. सातारा बंद केलंय.

गेल्या रविवारी त्याच रस्त्याने गेलो. त्याच्या लॉटमध्ये आता लाल गाडी उभी आहे, तेच अलॉय, डिकीवर तोच बिल्ला, काचेवर ६,९५,०००चा कागद. माझ्या गाडीलाही सुरुवातीला हाच भाव होता. त्या बाजूला गाडी बघायला जाणार असाल तर आधी पिलरवर हात फिरवा.