ईलेक्ट्रॉस: जपून वाढवावा असा विजेचा मासा

जपानमध्ये २०१० साली निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी आलेल्या ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांतला ईलेक्ट्रॉस मला त्या पिढीतला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला जीव वाटतो. विद्युत प्रकाराला फक्त भूमी प्रकाराचे हल्ले भारी पडतात. पण याच्या अंगी ‘लेव्हिटेट’ ही हवेत तरंगण्याची क्षमता असल्यामुळे तेही लागत नाहीत आणि एरवी त्याची एकही दुखरी नस उरत नाही. वाट मात्र खडतर आहे. चार्जस्टोन गुहेत क्वचितच भेटणारा, ईलेक्ट्रॉसचे पहिले रूप असलेला इवलासा टायनामो कितीही लढवला तरी स्वतःहून नवी चाल शिकत नाही, त्याला ३९व्या पातळीपर्यंत जपावे लागते आणि शेवटच्या रूपासाठी थंडर स्टोन हा रूप बदलणारा दगड खर्ची घालावा लागतो. वेग अवघा ५० असल्याने ईलेक्ट्रॉसचा वार बहुधा उशिरा पडतो, पण पडतो तेव्हा जबर पडतो.