माला-एन की कॉपर-टी? साखरेच्या बाजूने बघताना

खानापूरच्या माझ्या जावेला दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती. आता आशाताईंनी माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं, तर तिचा पहिलाच प्रश्न, "अक्का, यानं परत शुगर येईल का ओ?"

पाकिटात २८ गोळ्या: २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोनच्या गोळीत इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल हे दुसरं हार्मोन ०.१५ मिलिग्रॅम. या जोडीमुळे शरीर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला किंचित कमी दाद देतं. मग स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून हिशेब जुळवतं. १९६० च्या दशकातल्या गोळ्यांत इस्ट्रोजेन कितीतरी जास्त असायचं. साखरेची भीती तिथूनच आली, आणि गोळी बदलली तरी ती गेली नाही. आजच्या कमी मात्रेत निरोगी बाईची साखर सहसा जागची हलत नाही. गरोदरपणात साखर वाढून गेलेलीलाही गोळी चालते. साखर मात्र अधूनमधून तपासत राहायची.

कॉपर-टी म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती. तिच्यात हार्मोनच नाही, काम तांब्याचं. साखर, इन्सुलिन दोन्ही जिथल्या तिथे. तिचा ३८० ए हा प्रकार बसवला की १० वर्षं बघायला नको. पण सुरुवातीचे महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात. रक्त आधीच कमी असेल तर हे जड पडतं.

मधुमेहानं डोळे किंवा किडनी धरली असेल, किंवा तो २० वर्षांहून जुना असेल, तर मी गोळीचं नाव काढणार नाही, तिथे कॉपर-टीच. जावेला मात्र सांगितलं, आधी बीपी मोजून घे, मग ठरव. तिनं गोळी घेतली. पाकीट चहाच्या डब्यामागे असतं, सासूबाईंना दिसू नये म्हणून.