एक्सपी-१००ची नळी बदलताना: .२२३ की ७ मिमी बीआर?
रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीचं हे बोल्ट-अ‍ॅक्शन पिस्तूल (दांडा हाताने मागेपुढे करून भरायचं) १९६३ साली .२२१ फायरबॉल या काडतुसासाठी आलं. एका वेळी एकच गोळी, त्यामुळे काडतूस बदललं तरी मॅगझिनची कटकट नाही. खरा प्रश्न बोल्टच्या तोंडाचा आहे, म्हणजे काडतुसाचं बूड जिथे टेकतं त्या खाचेचा.

.२२३च्या काडतुसाचा बूड फायरबॉलइतकाच, ०.३७८ इंच. बोल्टला हात लावावा लागत नाही. नवी नळी बसवून हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि नळीत काडतूस अडतं ती जागा यांतलं अंतर) जाणकार गनस्मिथकडून तपासून घेतला की झालं. पण आखूड नळीत वेग घटतो, आवाज आणि ज्वाळा मात्र वाढते.

७ मिमी बीआर .३०८च्या घराण्यातलं, बूड ०.४७३ इंच. म्हणजे बोल्टचं तोंड मोठं करणं आलं आणि खर्चही. बदल्यात जड गोळी मिळते, शिवाय .३०८पेक्षा छोट्या काडतुसातली दारू आखूड नळीत वाया जात नाही. मी हेच निवडेन.

दस्त्याचं म्हणाल तर मूळ नायलॉनचा दिसतो झकास, पण मूठ मधोमध असल्याने ट्रिगर लांब दांडीने जोडलेला, म्हणून ओढ गुळमुळीत. मागे मूठ असलेल्या दस्त्यात ती दांडी लागतच नाही. तोल मात्र पुढे झुकतो, तेव्हा बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) हवाच.