गुऱ्हाळावरचा वायरलेस: एक पावसाळा आणि एक गुळाचा हंगाम वापरून झाल्यावर

आमचं घर गावात, करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या पट्ट्यात. गुऱ्हाळ मळ्यात, घरापासून सव्वा किलोमीटरवर. घरात फायबर आलं, पण मळ्यापर्यंत ते कोणी ओढून देईना, आणि मोबाइलची रेंज तिथं कधी असते, कधी नसते. हंगामात मात्र तिथं सगळंच लागतं: रात्रीच्या आधणांवर नजर ठेवायला कॅमेरे, ऊसवाल्यांना पैसे पाठवायला नेट, सकाळी मार्केट यार्डातल्या सौद्याचे दर. म्हणून उन्हाळ्यात घरातलं नेट हवेतून मळ्यावर नेणारे डिशवाले दोन रेडिओ, युबिक्विटी कंपनीचे लाइटबीम ५एसी जेन२, घेतले, एक घरावर, एक गुऱ्हाळावर. वळीव, पावसाळा आणि गुळाचा अख्खा हंगाम त्यांनी पाहिल्यावरच लिहायला बसलोय. पंधरा दिवसांच्या अनुभवावर या वस्तूबद्दल कोणी काही सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

रेडिओबद्दल तक्रार नाही. घरातला ५० एमबीपीएसचा प्लॅन गुऱ्हाळावर पुरता मिळतो, कॅमेरे अडकत नाहीत. दिशा लावायला मोबाइलवर आकडे बघत डिश फिरवता येते, एक जण इकडे आणि एक तिकडे फोनवर असला की काम होतं. पण रेडिओ हा या कामातला सोपा भाग आहे. पाइप, केबल, अर्थिंग आणि सेटिंग यांवर सगळं अवलंबून आहे, आणि तिथंच आपल्याकडं सर्रास हात आखडला जातो.

पहिला विषय जागेचा. फिटर आला आणि म्हणाला, "काका, चिमणीलाच क्लॅम्प मारू. उंचीबी मिळंल, पाइपबी वाचंल." चुलवाण पेटलं की चिमणीचं तापमान काय होतं हे गुऱ्हाळवाल्याला सांगायला नको. केबलचं आवरण तिथं टिकत नाही आणि राख सांध्यांत बसते. दुसरा पर्याय त्यानं सुचवला तो महावितरणच्या खांबाचा. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. तो खांब आपला नाही, विनापरवानगी त्यावर काही बांधणं बेकायदेशीर आहे, आणि चढणाऱ्याच्या जिवाला धोका आहे तो वेगळाच.

आमच्या बांधावरून ११ केव्हीची लाइन जाते. मास्ट, म्हणजे डिशचा उभा पाइप, कुठं उभा करायचा हे मी तिच्यावरून ठरवलं. इमारतीपासून अशा तारेचं आडवं अंतर किमान १.२ मीटर असावं असा वीज सुरक्षा नियम आहे, पण उभ्या पाइपाला तेवढ्यावर भागत नाही. पाइप उभा करताना हातातून सुटला किंवा वादळात आडवा झाला, तर तो तारेपर्यंत पोचताच कामा नये. म्हणून लाइनपासून मास्टच्या उंचीच्या दुपटीहून जास्त अंतर सोडलं आणि गुऱ्हाळाच्या दुसऱ्या अंगाला, भिंतीला धरून जीआय पाइप उभा केला. तीन बाजूंना स्टे वायर, म्हणजे पाइपाला धरून ठेवणाऱ्या तारा, टर्नबकलच्या स्क्रूनं ताणलेल्या. वायरचं दुसरं टोकही लाइनच्या बाजूला जाणार नाही असं पाहिलं, कारण तुटलेली स्टे वायर हवेत कुठंही फेकली जाते. शेतात तारेला पाइप लागून माणसं जातात ही आपल्याकडं दरवर्षीची बातमी आहे. या एका गोष्टीत कुणाचीही घाई ऐकून घेऊ नका.

पत्र्याच्या शेडवर चढायचं असेल तर सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो वरून धड दिसतो आणि एकदम फुटतो. आम्ही आडव्या फळ्या टाकून, पट्टा बांधूनच पोरांना वर जाऊ दिलं.

आता उंची. समोरचा रेडिओ डोळ्यांना दिसला म्हणजे झालं, असं नाही. लहरी सरळ रेषेत जाताना मध्ये फुगतात. ५.८ गिगाहर्ट्झला सव्वा किलोमीटरच्या मध्यावर हा फुगवटा रेषेच्या खाली साधारण चार मीटर येतो, आणि त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास, मोकळा लागतो. आमच्या वाटेत काय आहे? ऊस! उन्हाळ्यात कोवळी लावण असताना लिंक लावली तर छान चालणारच. तोच ऊस वाढून तीन-साडेतीन मीटरवर जातो, पुढं त्याला तुरा येतो, आणि मग लोक म्हणतात की डिश खराब निघाली. मी तुऱ्यासकट चार मीटर ऊस धरला, त्यावर अडीच मीटर मोकळी जागा धरली आणि दोन्ही टोकं नऊ मीटरच्या आसपास नेली. ऊस भरात असताना सिग्नल थोडा उतरला, तोड झाल्यावर परत चढला, पण लिंक तुटली नाही.

पावसाचंही तसंच. या फ्रिक्वेन्सीला सव्वा किलोमीटरवर पावसानं होणारी घट नगण्य असते. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या बहुतेक लिंका केबलमध्ये पाणी शिरल्यानं पडतात. बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची, शील्ड असलेली केबल घ्या. भिंतीतून आत नेण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. घरातल्या वापराची पांढरी केबल उन्हात तडकते.

कायद्याबद्दल बोलायला लोक कंटाळतात, पण तो अवघड नाही. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं ५ गिगाहर्ट्झमधले ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे विनापरवाना केले, घराबाहेर वापरायलाही. विनापरवाना म्हणजे बिननियम नव्हे. उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए मान्यता हवी, ती त्या मॉडेलला आहे का हे दुकानदाराला विचारा. तुमच्यामुळं दुसऱ्याला अडथळा होता कामा नये, आणि दुसऱ्यामुळं तुम्हाला झाला तर संरक्षण मागता येत नाही. मी वापरतो त्या ५७२५ च्या वरच्या पट्ट्यात अँटेनासकट निघणारी ताकद ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट, इतकीच चालते.

हे गणित समजून घ्या. या डिशचा गेन, म्हणजे लहरी एका दिशेला एकवटल्यानं मिळणारी वाढ, २३ डीबीआय, आणि ती रेडिओच्या पॉवरमध्ये मिळवायची. म्हणजे रेडिओची पॉवर १३ डीबीएमच्या वर नेता येत नाही. रेडिओ मात्र २५ पर्यंत जाऊ शकतो, आणि तसा सोडला तर बेरीज ४८ होते, मर्यादेच्या जवळजवळ सोळापट, कारण या मापात दर तीन अंकांना ताकद दुप्पट होते. फिटरचा आग्रह होता की सेटिंगमध्ये दुसरा देश टाकू आणि पॉवर फुल्ल सोडू. मी देश भारतच ठेवला, मग मर्यादा रेडिओ स्वतःच पाळतो. तेवढ्या पॉवरवर मला उणे ५२ ते उणे ५५ सिग्नल मिळतो, जो याला उत्तम आहे. मग जास्त कशाला? आसपासच्या मळ्यांत आता असेच रेडिओ लागतायत. प्रत्येकानं आवाज चढवला तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. चॅनेलही मी २० मेगाहर्ट्झचाच ठेवला, शेजाऱ्यांना जागा उरते. मधल्या पट्ट्यांत हवामानाची आणि इतर रडार चालतात, तिथं रडार ऐकून चॅनेल सोडण्याची सोय चालू असलीच पाहिजे. देश बदलला की नेमकी अशीच बंधनं मोडतात.

२.४ गिगाहर्ट्झच्या २००५ च्या नियमात अँटेना अधिकृत इमारतीच्या छतापासून पाच मीटरच्या आत असावी असं आहे. माझा रेडिओ ५ चा असला तरी मी दोन्हीकडं तीच मर्यादा पाळली. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव भागातल्यांनी विमानतळामुळं उंचीवर असलेली बंधनं आधी बघावीत.

शेजारच्या मळ्यातल्या आबांनी विचारलं, "महिन्याला काही देतो, आम्हालाबी जोडून दे की." द्यायचं मन होतं, पण पैसे घेऊन इंटरनेट देणं हा परवान्याचा धंदा आहे. त्यांना २०२० साली मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेबद्दल सांगितलं. त्यात छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय देता येतं, पण ते नोंदणीकृत संस्थेशी जोडून घेऊनच. मोबाइल सिग्नल वाढवणारा बूस्टरही परस्पर आणून लावू नका, खाजगी वापर बेकायदेशीर आहे आणि त्यानं अख्ख्या गावाचं नेटवर्क बिघडतं.

सगळ्यात जास्त वेळ मी अर्थिंगवर घालवला. मास्टपासून १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, कुठंही काटकोनात न मोडता खाली नेली. रेडिओजवळ एक आणि केबल आत शिरते तिथं एक असे विजेचा झटका अडवणारे दोन सर्ज प्रोटेक्टर, दोन्ही अर्थला जोडलेले. मास्टचा खड्डा वेगळा असला तरी तो इमारतीच्या अर्थिंगशी जोडलाच पाहिजे. दोन सुटे अर्थ ठेवले तर वीज जवळ पडल्यावर त्यांच्यात मोठा दाब तयार होतो आणि तो केबलमधून, तुमच्या उपकरणांमधून वाट काढतो. वळवाच्या पावसात बांधावरच्या नारळावर वीज पडली. गुऱ्हाळाकडचा एक प्रोटेक्टर गेला, रेडिओ आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर वाचला. थेट मास्टवर पडली असती तर यातलं काही वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. म्हणून पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अॅप फोनमध्ये ठेवलंय. त्यात इशारा आला की अॅडॉप्टर आणि केबल काढून ठेवायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी मास्टला हात लावायचा नाही. ढग जमायला लागल्यावर केबल काढायला धावू नका, आधीच काढा.

अॅडॉप्टरबद्दल एक. हा रेडिओ २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर, म्हणजे नेटच्या केबलमधूनच कायम सोडलेल्या विजेवर, चालतो. ते टोक चुकून कॅमेऱ्यात किंवा लॅपटॉपमध्ये घातलं तर पोर्ट जळू शकतो, त्यामुळं दोन्ही टोकांना रंगीत टेप लावलीय. अॅडॉप्टर, स्विच आणि रेकॉर्डर भिंतीवरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणांपेक्षा वर बसवलेत. नदीकाठच्या सगळ्यांनी हे करावं.

खर्चाचं सांगायचं तर पाइप, स्टे, केबल, अर्थिंग आणि मजुरी मिळून जवळपास दोन्ही रेडिओंच्या किमतीइतके पैसे गेले. बजेट तुटपुंजं असेल तर स्वस्तातला रेडिओ घ्या, पण बाकीच्या खर्चाला कात्री लावू नका. दर वळवाआधी स्टे ताणून बघायच्या, क्लॅम्पचे नट आवळायचे, अर्थच्या सांध्यावरचा गंज घासायचा, हंगाम संपला की डिशवरची राख ओल्या फडक्यानं पुसायची. एवढी देखभाल करणार असाल तर ही जोडी जरूर घ्या.