वेगळा गट की वर्गातच आधार?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. मेळघाटात घरी कोरकू, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी अशी तिहेरी कसरत मुलं करतात. इंग्रजीसाठी त्यांना वेगळं बसवावं की वर्गातच शिकवावं, हा दोनशिक्षकी शाळेतला खरा पेच.

वेगळ्या गटाला रोज २० मिनिटं आणि एक मोकळा शिक्षक लागतो. दुसरे गुरुजी बैठकीला गेले की गट मोडतो. शिवाय मुलं तेवढ्या वेळच्या गणिताला मुकतात, आणि हे नुकसान सर्वांत मोठं. बोलायची संधी मात्र गटात जास्त मिळते.

वर्गातल्या आधाराला जादा माणूस नको, आदल्या दिवशीची तयारी हवी: धड्यातले ५-६ शब्द, त्यांची चित्रं, फळ्यावर ‘आय कॅन सी अ…’ असं अर्धं वाक्य. जोडीत आधी कोरकूत बोलू द्या, मग इंग्रजीत. एकदम सगळ्यांसमोर उभं केलं की मूल गप्प होतं. एकच वाक्य घोटलं तर ‘अ मँगोज’ अशी चूक होते. म्हणून एक आंबा आणि तीन आंबे, दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

स्थलांतरातून परतलेल्या, अक्षरओळख सुटलेल्या मुलांसाठी सहा आठवडे वेगळा गट ठेवा, तोही गणिताची वेळ टाळून. बाकीच्यांना वर्गातच शिकवा.