खाडीवरच्या फेरीबोटी : कुत्र्याला घेऊन किनाऱ्याने जाणाऱ्यांसाठी

मुरुडपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने गाडी न्यायची म्हटले की राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या चार मोठ्या खाड्या आडव्या येतात. त्या ओलांडण्यासाठी आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. माझे मूळ गाव गुहागर तालुक्यातले. परंतु मुंबईत वाढल्यामुळे तिकडे जाणे व्हायचे ते गणपतीला, महामार्गाने आणि बहुधा रात्रीच्या प्रवासात. आपला मुलूख दिवसाउजेडी पाहावा, म्हणून या खेपेस आम्ही महामार्ग सोडून सागरी मार्ग धरला आणि भुरी या आमच्या देशी कुत्रीलाही बरोबर घेतले. या फेरीबोटी कुत्र्यासह प्रवास करणाऱ्यांना कितपत सोयीच्या आहेत, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

माझे मत स्पष्ट आहे : कुत्रा सोबत असेल तर महामार्गापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. महामार्गावर कुत्र्याला मोकळे करण्यासाठी सुरक्षित जागा शोधत बसावे लागते, तर येथे दर खाडीला गाडी आपोआप थांबते, माणसे उतरतात आणि जनावराचेही पाय मोकळे होतात. कुत्र्याचे वेगळे तिकीट आमच्याकडे कोणी मागितले नाही, आणि साखळी आखूड धरून कठड्याजवळ उभे राहण्यास कोणाची हरकत नव्हती. बोटीवरच्या खलाशांनी गाड्या लावताना भुरीला मधल्या वाटेतून बाजूला घ्यायला सांगितले, तेही समजुतीने.

तरीही सावध राहावे अशा दोन गोष्टी आहेत. बोटीचा डेक लोखंडी असतो आणि दुपारच्या उन्हात तो इतका तापतो की कुत्र्याचे पंजे भाजू शकतात. त्यामुळे मार्च ते मे या काळात सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावरचीच फेरी घ्यावी, आणि दुपारी निघणे भागच असेल तर जाड गोणपाट ओले करून पायाखाली टाकावे. दुसरी गोष्ट आवाजाची. पुढची फळी धक्क्यावर उतरताना होणारा लोखंडाचा खडखडाट आणि त्यामागोमाग वाजणारा भोंगा यांनी भुरी पहिल्या खाडीवर थरथर कापू लागली होती. वाशिष्ठी येईपर्यंत तिला त्याची सवय झाली, पण भित्र्या कुत्र्याला गाडी बोटीवर चढेपर्यंत आतच ठेवणे बरे.

बोटींपेक्षा उणीव जाणवते ती धक्क्यांवर. एका धक्क्यावर सावलीला एकही छप्पर नव्हते आणि फेऱ्यांच्या वेळांचा फलकही दिसला नाही, त्यामुळे नुकतीच सुटलेली बोट परत येईपर्यंत आम्हाला उन्हात ताटकळावे लागले. कुत्र्यासाठी पाणी आणि पसरट भांडे हाताशी असावे. रेबीजप्रतिबंधक लसीचा दाखला आम्हाला कोणी विचारला नाही, परंतु गावोगावी मुक्काम करताना तो जवळ असलेला चांगला.

या प्रवासातला माझ्यासाठी सर्वांत मोलाचा भाग दाभोळची खाडी हा होता. १५०८ साली पोर्तुगीजांनी जाळले ते हेच बंदर. बोट पाण्यात शिरल्यावर एका बाजूला दाभोळ मागे पडत जाते आणि दुसऱ्या बाजूला माझा तालुका जवळ येत राहतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत माशांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका भुरीची चौकशी करत होत्या. त्यांतल्या एका आजींनी ‘तुम्ही खंयचे?’ असे विचारले आणि मी गावाचे नाव सांगताच आमच्या वाडीतल्या दोन घरांची खुशालीही सांगितली. चिपळूणचा वळसा घेऊन आलो असतो तर या ओळखीला मुकलो असतो. भुरी नसती तरी बहुधा हे बोलणे सुरू झाले नसते, कारण मुक्या जनावराविषयी विचारणे कोणालाच अवघड वाटत नाही.

वेश्वीला उतरल्यावर मात्र कुत्रा असणाऱ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. जवळच वेळास आहे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने त्यांच्या संवर्धनाचे काम उभे केले आहे. वाळूतली अंडी उकरणाऱ्या प्राण्यांत कुत्रीही असतात, म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात त्या किनाऱ्यावर कुत्र्याला साखळी लावूनही नेऊ नये. आम्ही भुरीला गावातल्या घराच्या अंगणात बांधून एकेकाने किनारा पाहून आलो.

रेवस–रेडी सागरी मार्गावरचे पूल पुरे झाले की या फेऱ्यांचे महत्त्व कमी होईल. ज्यांना हा किनारा कुत्र्यासह पाहायचा आहे, त्यांनी येत्या हिवाळ्यातच निघावे, आणि एकच खाडी निवडायची झाली तर दाभोळ–धोपावे निवडावी.